वीजबिल, गॅसचं पुस्तक आणि गाडीचं मीटर

आपल्या घरापायी वर्षाला किती कार्बन, म्हणजे पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड वायू, हवेत जातो, हे काढायला फारसं काही लागत नाही. महावितरणचं बिल, गॅसचं पुस्तक, गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि वर्षभरात कुठे कुठे गेलो त्याची आठवण, एवढं पुरतं. २०२४ च्या जानेवारीत मी हे सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि सरलेल्या वर्षाचा हिशेब मांडला. त्याआधीही आमच्याकडे कापडी पिशव्या होत्या, ओला-सुका कचरा वेगळा होत होता, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची शिस्त सासूबाईंनी घरातल्या प्रत्येकाला लावली होती. पण कशाने किती फरक पडतो हे ठाऊक नसताना नुसतं करत राहणं मला पुरेसं वाटेना.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. माझी मैत्रीण अरण्येश्वरला राहायची. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या आणि तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर चिखल होता. ओढ्याची वाट अडवून बांधकामं झाली हे त्यामागचं कारण आहेच, आणि एका रात्रीच्या पावसाचं खापर हवामानबदलावर फोडताही येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, हे भौतिकशास्त्र सांगतं. ते बाष्प कुठेतरी कोसळणारच. आपल्या घराचा त्यात किती वाटा आहे हे कळायला हवं, असं तेव्हापासून मनात होतं.

हिशेब वीजबिलापासून सुरू केला, कारण बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेलाच असतो. बेरीज अडीच हजार युनिटच्या थोडी पुढे गेली. आपल्या देशात ग्रिडमधून, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांच्या सामाईक जाळ्यातून, घेतलेल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा वेळोवेळी प्रसिद्ध करतं. म्हणजे विजेचे सुमारे १.८ टन. कोयनेची जलविद्युत आहे, आता सौर आणि पवनऊर्जाही बरीच आली आहे, तरी महाराष्ट्राची मोठी भिस्त अजून कोळशावरच आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. दिवा आमच्या कोथरूडात लागतो, राख तिकडच्या लोकांच्या अंगणात पडते. ही गोष्ट कळल्यावर बिलाकडे नुसता रुपयांचा कागद म्हणून बघता येईना.

गॅसचं सोपं निघालं. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि किलोमागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका सिलिंडरचे ४२ किलो. आम्हा चौघांना वर्षाला आठेक सिलिंडर लागतात. साडेतीनशे किलोच्या आतच.

गाडीसाठी पेट्रोलच्या पावत्या शोधत बसायची गरज नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर किलोमीटरचं रीडिंग लिहिलेलं असतं. दोन बिलांची वजाबाकी केली की वर्षाचा पल्ला कळतो. आमची गाडी नऊ हजारांच्या आसपास फिरली होती. पुण्यातल्या रहदारीत ती लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते, म्हणजे सातशे लिटर पेट्रोल, आणि लिटरमागे २.३ किलो धरले की १.६ टन. लेकाने इथे अडवलं. "आई, एक लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो. त्यातून सव्वादोन किलो गॅस कसा निघेल?" प्रश्न चांगला होता. पेट्रोल जळताना त्यातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जातात. वाढीव वजन त्या ऑक्सिजनचं.

राहिलं विमान. नणंद दिल्लीला असते आणि दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे तिच्याकडे जातो. पुणे-दिल्ली एका बाजूला माणशी शंभर किलोच्या आसपास पडतात. चौघांचं जाणं-येणं धरलं तर आठशे किलो. दोन दिवसांच्या प्रवासाचे आठशे किलो, आणि वर्षभर शिजवलेल्या अन्नाच्या गॅसचे साडेतीनशे.

एकूण बेरीज साडेचार टनांवर गेली. त्यात खाणं, कपडे, फोन, फर्निचर काहीच धरलेलं नाही. गाडी आणि विमान मिळून विजेच्या पुढे गेले होते. ज्या घरात गाडी नाही, विमानाचं तिकीट कधी काढलं जात नाही, दोन पंखे आणि तीन दिवे आहेत, त्या घराचा सगळा हिशेब आमच्या वीजबिलाच्या निम्म्यातही मावला असता. पुण्यात अशी हजारो घरं आहेत, आणि ओढ्याचं पाणी आधी त्यांच्याच घरात शिरतं. मला हे फार लागलं.

मग मी वहीत दोन रकाने केले. एकात रोज लक्षात ठेवाव्या लागतात त्या गोष्टी: दिवा, नळ, पिशवी. दुसऱ्यात एकदा ठरवलं की पुन्हा ठरवावं लागत नाही अशा. मोठे आकडे जवळजवळ सगळे दुसऱ्या रकान्यात जाऊन बसले. कामाला तिथूनच लागायचं, हे घरात सगळ्यांना पटलं.

माझं ऑफिस कल्याणीनगरला. मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली तेव्हा ती आमच्या वनाजवरून गरवारे कॉलेजपर्यंतच जात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत पोचली आणि मार्च २०२४ मध्ये थेट रामवाडीपर्यंत. म्हणजे आमचा हिशेब पुरा होईपर्यंत मेट्रो माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आनंदनगर स्टेशन घरापासून चालत जाण्याजोगं आहे. मी सगळ्यात आधी ऑफिसजवळची महिन्याच्या भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा सोडली. हे मुद्दाम आधी केलं. ती जागा हातात असती तर पावसाचा, उशिराचा, कंटाळ्याचा प्रत्येक दिवस गाडी काढायला कारण झाला असता. जागाच नाही म्हटल्यावर तो प्रश्न रोज सकाळी पडेनासा झाला.

मेट्रोही विजेवरच चालते आणि ती वीजही बरीचशी कोळशाचीच, हे खरं आहे. पण एका गाडीत शेकडो माणसं असतात आणि रुळावर धावायला घर्षण कमी लागतं, त्यामुळे माणशी वाटा फारच कमी पडतो. कारमध्ये मी एकटी बसून टनभर लोखंड कर्वे रस्त्यावरून ओढत नेत होते. शिवाय नळ स्टॉपला, डेक्कनला, पुढे येरवड्याला थांबत थांबत.

अडचण मेट्रोत नव्हती, स्टेशनच्या बाहेर होती. कल्याणीनगरला उतरल्यावरचा फुटपाथ मध्येच तुटतो, कुठे त्यावर दुचाकी लावलेल्या, कुठे ट्रान्सफॉर्मरचा डबा. पावसाळ्यात साडी किंवा चांगली सलवार घालून तिथून चालणं कठीण जातं. मी ऑफिसात चपलांचा एक जोड आणि एक ओढणी ठेवते. आमच्या ऑफिसातल्या बायकांनी मिळून वॉर्ड ऑफिसला फुटपाथबद्दल अर्ज दिला आहे. तो माझ्या मते पूर्णपणे हवामानाचा अर्ज आहे, कारण शेवटचा अर्धा किलोमीटर धड नसेल तर माणूस बाकीच्या बारा किलोमीटरांसाठीही गाडी काढतो.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईचं स्टेशन मिळालं. आता मी घरी येताना कधी सिव्हिल कोर्टला गाडी बदलते, मंडईत उतरते आणि आठवड्याची भाजी घेऊन येते. मंडईत गाडी लावायला जागा शोधणं हा प्रकार आयुष्यातून गेला. वर्षअखेरीला सर्व्हिसिंगच्या बिलांची पुन्हा वजाबाकी केली, तर गाडीचा पल्ला निम्म्यावर आला होता. म्हणजे पाऊण टन वाचला.

गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यावी का, यावर नवऱ्याने बराच विचार केला. पण कार तयार होतानाच काही टन कार्बन खर्च झालेला असतो. जी गाडी आता कमी फिरते आहे ती मोडीत काढून नवी घेण्यात अर्थ नव्हता. लेकाची जुनी स्कूटर मात्र खरोखरच संपली होती, तिच्या जागी विजेची घेतली. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला पन्नास ग्रॅम. विजेची पंचवीस-तीस वॅट-तास खाते, म्हणजे आजच्या कोळशाच्या ग्रिडवरसुद्धा अठरा ते एकवीस ग्रॅम. ग्रिड सुधारत जाईल तसा हा आकडा आपोआप खाली येईल. पेट्रोलचा पन्नास कधीच उतरणार नाही.

दिल्लीचं काय करायचं यावर घरात खरी चर्चा झाली. भाऊबीज सोडायची नाही यावर एकमत होतं. नवरा म्हणाला, "सुट्टीच चार दिवसांची. त्यातले दोन रेल्वेगाडीत घालवायचे?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी झेलम एक्सप्रेसने दिल्लीला जायचे, तेव्हा तुम्ही दोघं कडेवर होतात. मला काही त्रास नाही. उलट आडवं होता येतं." पुणे-निजामुद्दीन दुरांतो साधारण वीस तासांत पोचवते. एक रात्र झोपेतच जाते. तिकिटं मात्र आरक्षण खुलं होतं त्या दिवशीच काढावी लागतात. दिवाळीची गर्दी असते आणि सासूबाईंना खालचाच बर्थ हवा. नवऱ्याने सुट्टीला दोन दिवस जोडले. रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग आता जवळजवळ सगळा विजेवर आहे आणि माणशी कार्बन विमानापेक्षा कित्येक पटींनी कमी पडतो. आठशे किलोंच्या जागी शे-सव्वाशे उरले. सासूबाईंनी चिवडा, दशम्या, लसणाची चटणी असा डबा केला आणि वडोदऱ्याच्या पुढे शेजारच्या कंपार्टमेंटमधली पोरंही आमच्याकडे जेवायला आली. लेकाला आजीच्या माहेरच्या गोष्टी इतक्या सलग कधी ऐकायला मिळाल्या नव्हत्या. या कारणासाठीही मी पुन्हा रेल्वेनेच जाईन.

स्वयंपाकघरात जे कळलं ते अनपेक्षित होतं. इंडक्शन शेगडी म्हणजे पर्यावरणाला चांगली, असं सगळीकडे ऐकू येतं. म्हणून मी आकडे मांडले. गॅसच्या शेगडीतली साठेक टक्के उष्णता भांड्याला मिळते, इंडक्शनची पंच्याऐंशी-नव्वद टक्के. इथवर इंडक्शन पुढे. पण एक युनिट विजेएवढी उष्णता भांड्यात पोचवायला गॅसमुळे साधारण ०.४ किलो कार्बन जातो, तर आजच्या ग्रिडच्या विजेवर त्याच्या दुप्पट, ०.८ च्या आसपास. वीज स्वच्छ असेल तर इंडक्शन चांगलीच. माझ्या घरातली वीज अजून तशी नाही. म्हणून आम्ही गॅसवरच राहिलो. घरातल्या हवेच्या दृष्टीने इंडक्शनची बाजू वरचढ आहे, तेव्हा ज्यांच्या स्वयंपाकघरात खिडकी नाही त्यांनी वेगळा विचार करावा.

गॅस वाचवायच्या युक्त्या सासूबाईंकडे आधीपासूनच होत्या. तूरडाळ तासभर, छोले-राजमा रात्रभर भिजवणं. कुकरमध्ये एकावर एक डबे लावून भात, डाळ, बटाटे एका वेळी. शिट्टी झाली की आच बारीक. यात मला शिकवण्यासारखं काही नव्हतं, शिकण्यासारखंच होतं.

खाण्यात एक बदल केला. आमच्याकडे रविवारी मटण असायचं. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो. किलोभर मटणामागे वीस ते चाळीस किलो इतका भार पडतो. डाळी-कडधान्यांचा किलोमागे एक-दोन किलोच. आता मटण सणासुदीला, पाहुणे आले की, आणि आषाढात आखाड म्हणून. एरवी अंडी, मासे, कधी चिकन. कुणावर सक्ती केली नाही; कोकणातल्या माझ्या माहेरी गेले की तिथे जे पानात पडतं ते मी आवडीने खाते. भातशेतीतल्या साचलेल्या पाण्यातूनही मिथेन निघतो, हे समजल्यावर रात्रीच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी वाढली. ती सासूबाईंच्या मधुमेहालाही मानवली.

एसीचं मात्र सगळ्यांनी नीट ऐकावं असं आहे. आमच्या बेडरूमचा एसी गार करेना, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, गॅस कमी झालाय. भरून देतो, अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, "गॅस गेला कुठे?" "जातोच हो दोन-तीन वर्षांत." तो जात नसतो. एसीतला गॅस बंद नळ्यांतून गोल फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आणि हा गॅस भयंकर आहे. आमच्या एसीतला आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त तापवतो. एक किलो गळला की दोन टन. म्हणजे आमच्या आख्ख्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त, आणि त्याची नोंद कुठल्याही बिलावर होत नाही. मी त्याला सांगितलं, आधी गळती शोधा, सांधा जोडा, मग गॅस भरा. पैसे जास्त लागले तरी चालतील. त्याने साबणाच्या फेसाने सांधे तपासले. बाहेरच्या युनिटजवळचा एक सांधा सैल निघाला. तो पक्का केल्यापासून गॅस टिकला आहे. नवीन एसी घ्यायचीच वेळ आली तर आर-३२ चा घ्यावा, त्याचा हा आकडा पावणेसातशेच्या आसपास आहे, म्हणजे एक तृतीयांश. एसी २६ वर आणि जोडीला पंखा, हे आम्ही आधीपासून करतो.

पंखे बदलले. जुना पंखा पंच्याहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे बिनब्रशच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसच्या आसपास. हॉलमधल्यासारखा दिवसाचे बारा तास चालणारा पंखा असेल तर वर्षाला दोनशे युनिटच्या जवळपास, म्हणजे एकशे चाळीस किलो कार्बन वाचतो. जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला शेवटी.

आणि आता सोसायटी. खरं तर मला सगळ्यात जास्त याबद्दलच लिहायचं होतं.

आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली, चार मजली, चोवीस फ्लॅट. लिफ्ट, पाण्याचे पंप, पार्किंगचे आणि जिन्यातले दिवे, यांचं एक सामाईक मीटर आहे. त्यावर महिन्याला हजारेक युनिट लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सौर पॅनेलांना अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आली. वैयक्तिक घरांच्या अनुदानाची सगळीकडे चर्चा झाली, पण गृहनिर्माण संस्थांनाही सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, हे आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. मी सेक्रेटरी काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विषय सर्वसाधारण सभेत मांडा. मी अजेंड्यावर घेतो. पण तयारी करून या, लोक प्रश्न विचारतील."

लोकांनी प्रश्न विचारले, आणि सगळे योग्य होते.

पहिला प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. "गच्चीवर सोलर लावलं तर वाळवण कुठे घालायचं?" त्यांच्या कुरडया आणि सांडगे अर्ध्या सोसायटीत वाटले जातात, तेव्हा हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेला नाही. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, म्हणजे आमच्या दहा किलोवॅटला हजार. सांगाडा आठ फूट उंच घेतला तर खालून वावरता येतं, पण खाली सावली पडते. शेवटी पॅनेल दक्षिण बाजूला आणि पूर्वेचा पट्टा वाळवणासाठी मोकळा, असं ठरलं. ते ठरावात लिहून घेतलं.

दुसरा प्रश्न: "लाइट गेले की लिफ्ट सोलरवर चालेल ना?" नाही चालणार. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद होतो, कारण नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. हे स्पष्ट सांगितलेलं बरं. जनरेटर किंवा बॅटरी हा वेगळा खर्च आहे.

सगळ्यात अवघड होता पुनर्विकासाचा प्रश्न. कोथरूडात आता गल्लीगल्लीत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत, आणि आमच्याकडेही बिल्डर चौकशी करून गेले होते. "पाच वर्षांत बिल्डिंग पडणार असेल तर पैसे कशाला घालायचे?" याला दोन उत्तरं होती. पैसे चारेक वर्षांत वसूल होतात आणि पॅनेल-इन्व्हर्टर उतरवून दुसरीकडे लावता येतात. आणि दुसरं, जे मी त्या सभेत मनापासून बोलले: ही बिल्डिंग अजून पंचवीस वर्षं उभी राहू शकते. टनभर सिमेंट बनवताना अर्धा ते पाऊण टन कार्बन डायऑक्साइड जातो, स्टीलचा भार त्याहूनही जास्त. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना जो वायू निघतो तो कुठलंही इंधन वापरलं तरी निघतोच. मजबूत इमारत पाडून नवी बांधण्याएवढा मोठा कार्बनचा खर्च आम्ही चोवीस कुटुंबांनी आयुष्यात दुसरा केला नसता. त्यावर एकमत झालं नाही. पण आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं, हे सगळ्यांनी मान्य केलं. ऑडिटमध्ये दुरुस्ती पुरेशी आहे असं आलं, आणि पुनर्विकासाचा विषय तूर्त बाजूला पडला.

पैशांचं असं जमलं: काही रक्कम सोसायटीच्या शिल्लकेतून, काही फ्लॅटमागे वर्गणीतून, आणि १,८०,००० रुपये अनुदान नंतर खात्यात जमा. ज्यांना एकरकमी जड होतं त्यांना हप्ते दिले. कामाचा क्रम सांगून ठेवते. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर सोसायटीच्या नावाने अर्ज, सामाईक मीटरचा ग्राहक क्रमांक, सभेचा ठराव, मग नोंदणीकृत ठेकेदार निवडणं, उभारणी, महावितरणची तपासणी आणि येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारं नेट मीटर. सगळ्यात जास्त वेळ मीटरसाठी गेला. पाठपुरावा सेक्रेटरी काका आणि दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण मुलगी, दोघांनी केला. तिला पोर्टल चांगलं समजायचं आणि काकांना ऑफिसात कुणाला भेटायचं ते. ठेकेदार निवडताना आम्ही सगळ्यात स्वस्त दर घेतला नाही. सांगाड्याला गंजरोधक लेप आहे का, टाकीची सावली कुठल्या वेळी कुठे पडते याचा नकाशा त्याने काढला का, हे पाहिलं. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच्याशी जोडलेल्या इतरांचंही उत्पादन घटू शकतं. शेजारच्या गुलमोहराची फांदी तोडावी, असं एकाने सुचवलं होतं. आम्ही दोन पॅनेल सरकवले, झाड राहू दिलं.

पुण्याच्या उन्हात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. पावसाळ्यात उत्पादन पडतं, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला जाते, रात्री लिफ्टला तिकडून येते, महिन्याला वजाबाकी होते आणि उरलेल्या युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. वर्षाला चौदा हजार युनिट, म्हणजे दहा टनांच्या आसपास कार्बन. माझ्या घरातला एक दिवा, एक पंखा, एक सिलिंडर धरून मी जे काही दोन वर्षांत वाचवलं, त्याच्या कित्येक पट एका ठरावाने झालं. शिवाय महापालिका सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, गांडूळखत असे प्रकल्प असलेल्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. तिच्यासाठीचा अर्जही त्याच मुलीने भरला.

पॅनेल पुसायचं काम आता दर पंधरवड्याला होतं. सकाळी लवकर, काच तापायच्या आत, साध्या पाण्याने. बांधकामांची धूळ इतकी बसते की पुसण्याआधीचा आणि नंतरचा फरक मोबाइलवरच्या आलेखात लगेच दिसतो. ते पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना जातं. त्या कुंड्यांना खत सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं. त्यात आम्ही आवारातली वाळलेली पानं घालतो, त्यामुळे वास येत नाही आणि पानं जाळण्याचा प्रकारही थांबला. सुका कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनीच आम्हाला पहिल्यांदा दाखवलं की खतात दही, आमटी अशी पातळ उष्टी घातली की बिघडतं.

२०२५ चा हिशेब मांडला तेव्हा आमच्या घराचे साडेचारचे अडीच टन झाले होते. त्यात आता सगळ्यात मोठा आकडा पुन्हा विजेचाच आहे, आणि गच्चीवर चोवीस घरांना पुरेल एवढी जागा नाही. तिथे आमचं चालणं थांबतं. पुढचं काम वीज बनवणाऱ्यांचं आणि त्यांना जाब विचारणाऱ्या आपणा मतदारांचं आहे.

लेकाला पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला जायचं आहे. एका येण्याजाण्याचा टनाच्या आसपास भार आहे, हे त्याने स्वतःच काढून दाखवलं. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. तो अक्षय ऊर्जेचंच शिकणार आहे. दर सुट्टीला धावत यायचं नाही, वर्षातून एकदाच यायचं आणि महिनाभर राहायचं, असं आम्ही आत्ताच बोलून ठेवलं आहे. सासूबाईंना ते अजून मान्य नाही.